माडीवरच्या कॉम्प्युटरला नेट: रिपीटर घ्यावा की वायर ओढावी?

साताऱ्यातल्या पेठांमधली जुनी घरं वायफायच्या सोयीने बांधलेली नाहीत, आणि त्याचा दोष कुणाला देताही येत नाही. खाली दोन फुटी काळ्या दगडाची भिंत, तिच्यावर मागाहून चढवलेली स्लॅबची माडी, आणि नेटवाल्याने त्याला जमेल तसा सोप्यात दाराशेजारी ठोकलेला डबा. सोप्यात फोनला चालतं, टीव्हीला चालतं. माडीवरच्या कॉम्प्युटरपाशी मात्र दोन कांड्या, पावसाळ्यात खिडक्या बंद केल्या की एक. गोडोली-शाहूपुरीकडच्या नव्या बंगल्यांत भिंती पातळ असल्या, तरी स्लॅबमधलं लोखंड आडवं येतंच.

अशा घरात शेवटी दोन पर्याय उरतात. जिन्यात रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे सोडणारा छोटा डबा, लावायचा, किंवा खालून वर वायर ओढायची. आमच्याकडे आधी रिपीटर होता, आता वायर आहे. त्यामुळे माझा कल कुठे आहे हे लपणार नाही. पण रिपीटरवरही अन्याय होऊ नये, एवढा प्रयत्न करतो.

त्याआधी दुखणं नक्की वायफायचंच आहे ना, एवढं बघून घ्या. कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट (हुकूम टाइप करायची काळी खिडकी) उघडून राउटरला, म्हणजे त्या नेटच्या डब्याला, पिंग लावून ठेवा; तो उत्तर द्यायला किती वेळ घेतो ते दिसत राहतं. बऱ्याच डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो; तो नसेल तर तिथेच आयपीकॉन्फिग टाकल्यावर डिफॉल्ट गेटवेपुढे (गेटवे म्हणजे नेटकडे जायचं दार) जो दिसेल तो. उत्तरं दोन-चार मिलिसेकंदांत येता येता मधेच तीनशेवर उडत असतील, किंवा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत असेल, तर दोष तुमच्या घरातल्या हवेतला. राउटरचं उत्तर सरळ येतंय आणि ८.८.८.८ चंच (हा बाहेरचा, गूगलचा पत्ता) अडकतंय, तर दोष बाहेरच्या लाइनचा. रिपीटर घ्या नाहीतर वायर ओढा, काही फरक पडणार नाही. डब्यावर एलओएसचा, म्हणजे बाहेरून सिग्नलच येत नसल्याचा, लाल दिवा लागला असेल तर एवढीही तपासणी नको, सरळ लाइनवाल्याला फोन करा.

फुकटचे उपायही आधी करून घ्यावेत. डबा टीव्हीच्या मागून किंवा लोखंडी कपाटाआडून काढून उंचावर, मोकळ्यावर ठेवणे. वरच्या कॉम्प्युटरला ५ गिगाहर्ट्झऐवजी २.४ वर जोडून बघणे, कारण ५ वेगवान असलं तरी दगडापुढे लवकर हार मानतं. पेठेत घराला घर लागून असल्याने २.४ वर शेजारपाजारच्यांची गर्दी असते. तिथे चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा दिसेल तो धरावा, कारण हे तीनच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. आणि एक बारीक गोष्ट, जी दुकानदार सहसा सांगत नाहीत: कॉम्प्युटरला यूएसबीचा वायफाय डोंगल असेल आणि त्याच्या शेजारच्याच खाचेत यूएसबी ३ ची हार्डडिस्क असेल, तर ती डिस्क चालू असताना २.४ चं वायफाय मार खातं. इंटेलने २०१२ साली स्वतःच टिपण काढून हे सांगितलं होतं. हातभर यूएसबी एक्स्टेन्शन घालून डोंगल लांब नेला की बऱ्याचदा काम भागतं. एवढं करून भागलं, तर पुढचं वाचायची गरज नाही.

आमचं भागलं नाही. माडीवर पुतण्या पुण्याच्या कंपनीचं काम करतो, आणि संध्याकाळी त्याच कॉम्प्युटरवर वहिनी चौथी-पाचवीच्या मुलांची ऑनलाइन शिकवणी घेतात. म्हणून पोवई नाक्यावरून रिपीटर आणला.

रिपीटरची बाजू आधी. दीड-दोन हजारांत काम होतं, भिंतीला भोक पडत नाही, वायरमनच्या मागे लागावं लागत नाही. लावायचा मात्र मधल्या जागी. नेट जिथे पोचत नाही तिथे, म्हणजे कॉम्प्युटरच्या शेजारीच, बरेच लोक तो खोचतात आणि मग शिव्या देतात. त्याला स्वतःलाच जे ऐकू येत नाही, ते तो पुढे काय सांगणार? आमच्याकडे जिन्याच्या वळणावरच्या प्लगला लावला आणि माडीवर कांड्या पूर्ण आल्या.

त्याच्यावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की रिपीटर वेग अर्धा करतो. साध्या रिपीटरबाबत ते खरं आहे. एकाच रेडिओवर ऐकायचं आणि त्यावरच पुन्हा बोलायचं, तेव्हा निम्मा वेळ ऐकण्यात जाणारच. आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा. माडीवर तीस-चाळीस मिळायचे. पण खरं सांगायचं तर तेवढ्याने कुणाचं अडलं नाही. व्हिडिओ मीटिंगला चार-पाच एमबीपीएस पुरतात. वेगाच्या आकड्यांवरून रिपीटर नाकारणाऱ्यांशी मी पूर्णपणे सहमत नाही. निदान आमचा निर्णय त्यावरून झाला नाही.

निर्णय झाला तो लाइट जाण्यावरून.

साताऱ्यात लाइट जाते तेव्हा तासभर गेलेली परवडते. त्रास देते ती दोन मिनिटांसाठी जाऊन येणारी. वळवाच्या पावसात आणि पुढे जून-जुलैत ती किती वेळा जाईल याचा नेम नाही. आमचा इन्व्हर्टर दिवे-पंख्यांपुरता. सोप्यातला नेटचा डबा, जिन्यातला रिपीटर, वरचा कॉम्प्युटर, सगळे एकदम बंद पडतात आणि एकदम चालू होतात. पण जागे होतात आपापल्या चालीने. रिपीटर अर्ध्या मिनिटात उठतो. फायबरचा डबा जोड पकडून, पत्ता घेऊन, वायफाय सोडेपर्यंत दोन-तीन मिनिटं घेतो.

खरी मेख या मधल्या वेळात आहे. बऱ्याच रिपीटरांमध्ये एक सोय असते: मुख्य राउटर सापडला नाही, तर आयपी पत्ते वाटायचं काम, म्हणजे डीएचसीपी, रिपीटर स्वतःकडे घेतो. मालकाला निदान त्याच्या सेटिंगच्या पानावर तरी जाता यावं, असा त्यामागचा हेतू. हेतूला नावं ठेवायला जागा नाही. पण थोरला गावाहून यायच्या आत धाकट्याने वाटण्या उरकून टाकाव्यात, तसा प्रकार होतो. कॉम्प्युटर उठतो, ओळखीचं नाव दिसतं म्हणून जोडला जातो, रिपीटरने दिलेला पत्ता घेतो आणि गेटवे म्हणून रिपीटरलाच धरून बसतो. पुढे खालचा डबा जागा होतो, रिपीटर त्याला पकडतो, फोनवर सगळं सुरळीत चालू होतं. कॉम्प्युटरला मात्र याची खबर नाही. कांड्या पूर्ण, आणि खाली शब्द 'नो इंटरनेट'.

उपाय अगदी साधा आहे. वायफाय बंद करून पुन्हा चालू करायचं, किंवा आयपीकॉन्फिग रिन्यू द्यायचं. पुतण्या ते डोळे मिटून करतो. पण संध्याकाळी वहिनींची शिकवणी चालू असताना हे झालं, की वरून हाक येते, "भाऊजी, परत गेलं हो!" मग मी रिपीटर काढून लावायला जिन्यात. तोवर निम्मी मुलं वर्गातून बाहेर पडलेली, आणि त्यांच्या आयांचे फोन सुरू. महिन्याकाठी असं एकदा होत असतं तर कुणी मनावर घेतलं नसतं. पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी व्हायला लागलं.

यावर दोन तोडगे सुचतात, दोन्ही बघून झाले. रिपीटरचा डीएचसीपी बंद करणे हा पहिला. काही रिपीटरांत तशी सोय असते, आमच्यातल्यात सापडली नाही. दुसरा तोडगा मिनी यूपीएसचा. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, लाइट गेली तरी डबा काही तास चालतो. खालच्या डब्याला तो लावलाही. पण रिपीटरला लावणार कसा? त्याच्या पाठीलाच भिंतीत खोचायच्या पिना. १२ व्होल्टची तार जोडायला त्याला जागाच नाही. त्याच्यासाठी कॉम्प्युटरला लावतात तसला मोठा यूपीएस जिन्यात ठेवायचा, तर एवढ्या खर्चात वायर ओढून होते.

तर वायर. हिच्या कटकटी सगळ्या पहिल्याच दिवशी येतात, हे आधीच सांगतो. वायरमन यायला कबूल होतो आणि येत नाही. दगडी भिंत बघितली की म्हणतो, याला हॅमर मशीन लागेल, वेगळे पैसे होतील. आम्ही भिंतीला हातच लावला नाही. पूर्वी केबल टीव्हीची वायर ज्या झरोक्यातून वर गेली होती, त्याच वाटेने लॅनची, म्हणजे घरातल्या नेटवर्कची, वायर नेली आणि जिन्यात केसिंग पट्टीत बसवली. पट्टी दिसते. वहिनींना ती आजही आवडत नाही, आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. उंदरांचा उपद्रव असेल तर पट्टी हवीच, उघडी वायर टिकत नाही.

वायर घेताना आतलं तांबं खरं आहे ना ते विचारा. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्तात मिळते. बॉक्सवर सीसीए असं लिहिलेलं असतं. वाकवताना ती लवकर तुटते आणि जॅकमध्ये नीट बसत नाही. घरापुरती कॅट ५ई किंवा कॅट ६, दोन्ही चालतात. लांबीची मर्यादा १०० मीटर आहे, वाड्यातसुद्धा तेवढी लागत नाही. जोडल्यावर विंडोजमध्ये लिंक स्पीड बघा. १००० च्या जागी १०० दिसला, तर डब्याचं आणि कॉम्प्युटरचं पोर्टच तेवढं आहे का ते आधी पाहायचं. नसेल, तर आठांपैकी एखादी तार जॅकमध्ये बसलेली नाही असं समजून वायरमन जायच्या आत जॅक पुन्हा मारून घ्यायचा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. म्हणून नेट चालू दिसतं आणि दोष लपून राहतो.

एका गोष्टीला मात्र माझा ठाम नकार राहील. गच्चीवरून किंवा अंगणातून उघड्यावर तांब्याची वायर नेऊ नका. जवळपास वीज पडली तर तिच्या धक्क्याने दोन्ही टोकांची पोर्टं जाऊ शकतात. मागच्या अंगणातल्या खोलीत न्यायचीच असेल, तर तेवढ्या टप्प्यापुरता फायबर घाला. काचेतून वीज वाहत नाही.

वर पोचलेली वायर आम्ही थेट कॉम्प्युटरला लावली नाही. घरात पडून असलेला जुना राउटर माडीवर ठेवला, वायर त्याच्या लॅनच्या खाचेत घातली, वॅनच्या (बाहेरची लाइन जोडायच्या) नाही. त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला आणि त्याचा डीएचसीपी बंद केला. हे शेवटचं विसरलं, तर रिपीटरवालं दुखणं वायरीवरूनही वर चढतं. आता कॉम्प्युटर छोट्या वायरीने त्या राउटरला, आणि माडीवरच्या फोनांना त्याचंच वायफाय. जुना राउटर १२ व्होल्टवर चालतो, त्यामुळे त्यालाही मिनी यूपीएस लागला. तुमचा ९ व्होल्टचा असू शकतो, अडॅप्टरवर वाचून घ्या. लाइट जाते, कॉम्प्युटर बंद पडतो, पण आल्यावर दोन्ही डबे जागेच असतात आणि पत्ता वाटणारा एकच. वहिनी तर लाइट गेली की शिकवणी तशीच लॅपटॉपवर पुढे चालू ठेवतात.

मेशबद्दल, म्हणजे घरभर एकच वायफाय पसरवणाऱ्या डब्यांच्या संचाबद्दल, विचाराल, तर वस्तू चांगली आहे आणि पत्ते वाटण्याचा घोळ तिच्यात सहसा होत नाही. पण दोन डब्यांचा संच रिपीटरपेक्षा महाग पडतो, आणि आमच्यासारख्या भिंती असतील तर दोन डब्यांमधला हवेतला जोडही त्याच दगडातून जायचा. वायर ओढून त्यावर मेश लावलं तर उत्तमच, पण मग वायर ओढून झालेलीच असते. घरातल्या विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर एका मित्राकडून आणून लावून पाहिले. मिक्सर सुरू झाला की पिंग उडायचं. थ्री-फेज घरात दोन अडॅप्टर वेगवेगळ्या फेजवर आले तर जोड कच्चा राहतो, असाही त्यांचा लौकिक आहे. नव्या वायरिंगच्या घरात अनुभव कदाचित बरा येईल.

भाड्याच्या घरात असाल, घरमालक खिळाही ठोकू देत नसेल, किंवा लाइट फारशी जात नसेल, तर रिपीटरच घ्या. उगाच पट्ट्या ठोकू नका. फक्त पाठीला पिना असलेला घेऊ नका. वेगळ्या १२ व्होल्ट अडॅप्टरवर चालणारा, रिपीटर मोड असलेला साधा राउटर बघा, आणि त्यात डीएचसीपी हाताने बंद करता येतो का, ते दुकानातच त्याचं सेटिंगचं पान उघडायला लावून खात्री करून घ्या. दुकानदार जरा कुरकुर करेल.