पाट्याचा जाम बोल्ट घरी काढायचाय? स्प्रे, टॉमी, इम्पॅक्ट गन की ग्राइंडर

हार्डवेअरच्या दुकानात ‘जाम बोल्ट काढायला काय आहे?’ असं विचारलं की आधी स्प्रेचा डबा काउंटरवर येतो. मग लांब दांड्याची टॉमी (गोटी लावून नट फिरवायचा दांडा), आणि गिऱ्हाईक खर्च करणारं दिसलं तर ठोके देत नट फिरवणारी इम्पॅक्ट गन. ग्राइंडर सहसा कुणी काढत नाही. पिकअपच्या मागच्या कमान पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या डोळ्यातला, म्हणजे टोकाच्या गोल वळणातला बोल्ट काढायचा असेल, तर पहिला खर्च मात्र ग्राइंडरवरच करावा.

हाच बोल्ट निवडला, कारण सस्पेन्शनमधला सगळ्यात हट्टी तोच. मागच्या बाजूच्या शॅकलला (पाटा चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या कडीला) बऱ्याच पिकअपमध्ये दोन अर्धे रबर बुश असतात. पिन थेट रबरात बसते, त्यामुळे नट सुटला की थोडं ठोकून ती निघते. पुढच्या डोळ्यात सायलेंट बुश असतो: बाहेर रबर, आत लोखंडी नळी आणि नळीतून गेलेला बोल्ट. नळी आणि बोल्ट यांच्यात केसाएवढी फट असते. त्या फटीत पाणी शिरून गंज धरला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि दोघांना पाचर ठोकल्यासारखं घट्ट करतो. कोकणात मासळी वाहणाऱ्या गाड्यांचे हाल तर विचारूच नका. क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटींतून सरळ चेसिसवर आणि पाट्यांवर गळत असतं.

पैसे काढण्याआधी जाम काय झालंय ते बघा, नट की दांडा. बोल्टच्या डोक्याला पाना लावून जोर द्या. जागचा हललाच नाही, तर बहुतेक नटाचे आटे गंजलेत. थोडा फिरून सोडल्यावर रबरासारखा परत मागे आला, तर दांडा आतल्या नळीला चिकटलाय आणि तुम्ही बुशचं रबर पिळताय. नट निघाल्यावर बोल्ट गोल फिरतोय पण तसूभर बाहेर येत नाही, हेही त्याच दुखण्याचं लक्षण. स्प्रे, टॉमी आणि गन ही नटाची औषधं आहेत. दांड्याला ती फारशी लागू पडत नाहीत.

स्प्रेपासून सुरुवात करू. निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० घराघरांत असतो. १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन दिएगोत तो मुळात धातूवरचं पाणी हटवून गंज रोखायला बनवला गेला, आणि नावातला ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. आट्यांत खोल शिरण्यासाठी ती कंपनी वेगळा पेनिट्रंट विकते, यातच काय ते आलं. साधा डबा बिजागरीला आणि ओल्या वायरिंगला उत्तम. पाट्याच्या बोल्टला पेनिट्रंट लिहिलेलाच घ्या, ब्रँड कुठलाही चालेल. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल (एटीएफ) निम्मं-निम्मं हे घरगुती मिश्रणही बरेच जण वापरतात. पण ते एकजीव राहत नाही, दर वेळी हलवावं लागतं. रंग आणि रबर खातं आणि भडकन पेट घेतं. त्यापेक्षा डबा बरा.

स्प्रेचं काम वेळ करतो, मारा नाही. आधी तारेच्या ब्रशने नटाबाहेर आलेले आटे चकचकीत करा. ही पायरी सगळे गाळतात. मग बाहेरच्या आट्यांवरचा गंज नटात ओढला जातो आणि अर्ध्यावर आलेला नट पुन्हा अडकतो. ब्रशनंतर रात्री एकदा, सकाळी एकदा आणि काम सुरू करण्याआधी तासभर एकदा फवारा. प्रत्येक वेळी हातोडीने नटाच्या पैलूंवर बेताचे ठोके द्या, धक्क्याने गंजाला चिरा पडतात आणि तेल आत उतरतं. आतल्या नळीपर्यंत मात्र ते पोचेल अशी आशा नको. दोन्ही टोकांना नळी हँगरच्या, म्हणजे पाटा धरणाऱ्या चेसिसवरच्या कंसाच्या, पत्र्यावर दाबून बसलेली असते, आत जायला वाट जवळपास नसतेच.

टॉमीत अर्धा इंच ड्राइव्ह (गोटी बसते तो चौकोन) घ्यावा की पाऊण इंच? हिशोब सोपा आहे. एक मीटरच्या पाइपच्या टोकाला ५० किलोचा जोर दिला की जवळपास ४९० न्यूटन-मीटर पिळाचं बल (टॉर्क) पडतं. अर्धा इंच ड्राइव्हची चांगली टॉमी साधारण ५०० पर्यंतच्या चाचणीला उतरते. म्हणजे पाइप घातला की तुम्ही तिच्या काठावर उभे असता. चौकोन तुटला की माणूस तोंडावर आपटतो आणि बोटं चेसिसवर सोलतात. पाऊण इंच ड्राइव्ह तेवढ्या जोराला हसून सोसतो. जड असतो, पण चाकांच्या नटांनाही पुढे कामी येतो. नाशिकच्या टपारियाची हत्यारं तालुक्याच्या गावीही मिळतात, तेव्हा बिननावाच्या चकचकीत सेटकडे वळायचं कारण नाही.

गोटी (सॉकेट) सहा पैलूंचीच हवी. बारा पैलूंची गंजलेल्या नटाच्या कोपऱ्यांवरून घसरते, आणि कोपरे एकदा गोल झाले की पुढचं काम दुप्पट. एम-१४ (१४ मिलिमीटर जाडीच्या) बोल्टला २१ किंवा २२ची गोटी लागते, एम-१६ला २४ची. आधी कॅलिपरने मापा, २१च्या नटावर २२ची गोटी ‘बसतेय की’ म्हणून लावू नका. आणि पाना ओढताना नट आधी किंचित आवळा, मग सोडा. एक पाव फेरा सैल, अर्धा पाव परत घट्ट, पुन्हा तेल, असं पुढेमागे करत काढा. एकाच दमात सगळा काढायला गेलात तर आटे सोलतात किंवा बोल्ट पिळून तुटतो.

या सगळ्याआधी गाडी नीट उभी करा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (चाक अडवायचे ठोकळे), चेसिसखाली दोन्हीकडे घोड्या (जॅक स्टँड) आणि ॲक्सलखाली वेगळा जॅक. नुसत्या बॉटल जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. सील बसलं की तो क्षणात खाली येतो. ॲक्सलखालच्या जॅकचं दुसरंही काम आहे. तो एक-दोन मिलिमीटर वरखाली करत पाटा अशा जागी आणा, की तो ना लोंबकळतोय ना दाबला जातोय. बोल्टवरचा आडवा भार गेला की काही वेळा नुसत्या रिंग पान्याने फिरतो. महागड्या गनने जे होत नाही ते कधी कधी जॅकच्या हँडलचे दोन झटके करतात.

आता गन. नावाजलेल्या कंपनीची, बॅटरीवर चालणारी, हजार न्यूटन-मीटरच्या आसपास बल देणारी इम्पॅक्ट गन नटासाठी निर्विवाद उत्तम. सलग ओढण्यापेक्षा ठोक्यांनी गंज लवकर सुटतो आणि बोल्ट पिळून तुटायची भीती कमी होते. पण खरेदीपूर्वी तीन गोष्टी बघा. गाडीखाली हँगर आणि चाकाच्या मधली जागा टेपने मोजा. गन अधिक गोटी तेवढ्यात मावायला हवी. लांब एक्स्टेन्शन लावलं की बल कमी होतं, तेव्हा ‘एक्स्टेन्शन लावू’ हे उत्तर नव्हे. दुसरं, बॅटरी. त्याच गनला २ अँपिअर-अवरऐवजी ५ची लावली की ठोका जाणवण्याइतका भारी होतो. तिसरं, गोट्या. चकचकीत क्रोमच्या हाताच्या गोट्या गनवर फुटतात आणि तुकडा डोळ्यात जातो. काळ्या, जाड इम्पॅक्ट गोट्याच घ्या आणि त्यांचा खर्च गनच्या किमतीत धरा.

ऑनलाइन मिळणाऱ्या ‘३८८ व्हीएफ’सारख्या, व्होल्ट भासवणाऱ्या आकड्यांच्या स्वस्त गन घेऊ नका. लिथियमचे पाच सेल एकामागे एक जोडले की पूर्ण चार्जवर प्रत्येकी ४.२ याप्रमाणे २१ व्होल्ट होतात. वापरात तीच १८ व्होल्टची बॅटरी. बाकी आकडे खोक्याच्या शोभेसाठी. आणि चांगली गन असली तरी नळीला चिकटलेल्या दांड्यापुढे ती बुशचं रबर गरगर फिरवत बसते. घाम गन गाळते, बोल्ट तिथेच.

आच द्यायची तर नटाला द्या. लोखंड एका अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन वाढतं. १६ मिलिमीटरच्या आट्यांवर ३०० अंश चढले की व्यास साधारण ०.०६ मिलिमीटरने मोठा होतो, आणि गंजाची पकड सुटायला तेवढं पुरतं. ब्युटेनच्या डब्यावरचा छोटा टॉर्च एम-१४पर्यंत चालतो. त्याहून जाड नटाची उष्णता हँगर शोषून घेतो आणि तुम्ही डबे संपवत बसता. नट तापल्यावर आट्यांना मेणबत्ती टेकवा, मेण आत ओढलं जातं. ही जुनी युक्ती खरोखर चालते आणि फुकटात पडते.

पण पाट्याच्या डोळ्याला आच कधीही लावू नका. पाटा पाणी दिलेला (तापवून-विझवून कडक केलेला) असतो, तापवला की ते पाणी उतरतं आणि पुढे भरल्या गाडीत मेन पाटा तिथूनच तुटतो. स्प्रे मारलेल्या जागी तो पूर्ण पुसून सुकेपर्यंत ज्योत नेऊ नका. ब्रेकचा पाइप, डिझेलची नळी, टाकी हे सगळं जवळच असतं. बुश पेटला तर काळा, विषारी धूर होतो. शेजारी पाण्याची बादली आणि ओलं गोणपाट ठेवा.

नट निघाला, दांडा अडकला. ठोकण्याआधी नट उलट फिरवून बोल्टच्या टोकाशी सपाट आणा, नाहीतर टोक फुलतं आणि छिद्रातून निघत नाही. मध्ये पितळी गज धरून दोन किलोच्या घणाचे पाच-सात नेमके घाव घाला. तेवढ्यात हलला नाही तर थांबा. त्यापुढे बोल्ट निघत नाही, हँगरचे कान वाकतात, आणि ते सरळ करायचा खर्च बुशच्या कैक पट.

इथे ग्राइंडरची पाळी. चार इंचाचा साधा ग्राइंडर आणि १ मिलिमीटरच्या चार-पाच चकत्या. डोळा आणि हँगर यांच्यामधल्या फटीतून नळीसकट बोल्ट दोन्ही बाजूंनी कापायचा, पाटा खाली उतरवायचा आणि डोळ्यातला तुकडा बुशसकट दाबून काढायचा. बुश बदलायचाच असतो, त्यामुळे वाया काहीच जात नाही. रबर पोगरने (लोखंडी ठोकणीने) थोडं बाजूला दाबलं की चकतीला जागा होते. चकती पाट्याच्या बाजूला लागू देऊ नका. डोळ्यावर पडलेली एक खाच पुढची चीर ठरते. जागा अगदीच कमी असेल तर रेसिप्रोकेटिंग सॉ आणि जाड, लांब बायमेटल पातं उत्तम. बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा ताकदीचा ग्रेड लिहिला असेल तर बरं कापतं, १०.९ असेल तर पाती जातात, तिथे कार्बाइड दाताचं घ्या. सॉचा वेग कमी ठेवा, पात्यावर तेल सोडत राहा. पूर्ण चेहरा झाकणारी ढाल घाला, उताणं पडून कापताना ठिणग्या गळ्यातून आत जातात.

नवीन बोल्ट त्याच ग्रेडचा, त्याच लांबीचा. आटे नसलेला भाग हँगरच्या कानांत बसला पाहिजे, आट्यांवर भार आला तर छिद्र खाल्लं जातं. नळीत जाणाऱ्या दांड्याला अँटी-सीझ (जाम होऊ न देणारी पेस्ट) किंवा जाड ग्रीस चोपडा, आटे कोरडे ठेवा. तेलकट आट्यांवर तोच टॉर्क दिला तर बोल्ट प्रत्यक्षात जास्त ताणला जातो. आणि शेवटचा आवळा चाकं जमिनीवर टेकून गाडीचा भार पाट्यावर आल्यावरच द्या. लोंबकळत्या पाट्यावर आवळलात तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. आवळायचा आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला.

मोठ्या ट्रकच्या ग्रीस निपलवाल्या, लॉक बोल्टच्या पिनला यातलं फार थोडं लागू पडतं. तिथे पिन गनमेटल या कांस्य धातूच्या बुशात जाम असते, हायड्रॉलिक प्रेस लागतो, आणि कमान पाटेवाल्याकडे जाणंच स्वस्त. पिकअपसाठी खरेदीचा क्रम असा: ग्राइंडर आणि चकत्या, पेनिट्रंट, पाऊण इंची टॉमी आणि सहा पैलूंच्या दोन गोट्या. वर्षातून चार-पाचदा असं काम निघत असेल तरच गन.