मामाचे एआर-१८ : नव्या फोमनंतरचे १४ महिने

आधी निकाल सांगते, रडगाणं नंतर. स्पीकर वाजतात आणि चांगले वाजतात. सगळा मिळून खर्च ६,४०० रुपये झाला, त्यातले दोनेक हजार माझ्या चुकांचे. स्पीकरच्या हलणाऱ्या कागदी शंकूच्या, म्हणजे कोनाच्या, कडेला लागणाऱ्या ज्या फोमच्या रिंगांना फार पैसे पडले नाहीत त्यांनीच सगळ्यात जास्त फरक पाडला. आणि ज्या जाड तांब्याच्या वायरीवर नवऱ्याने हौसेने पैसे घातले, तिने काही केलं असेल तर ते आमच्या घरात अजून कुणाला ऐकू आलेलं नाही.

स्पीकर माझ्या मामाचे. मामा मर्चंट नेव्हीत होता. १९८१ साली सिंगापूरहून त्याने ही अकौस्टिक रिसर्चची, म्हणजे एआरची, जोडी आणली आणि वर्षभरात परत बोटीवर जाताना आमच्याकडे ‘सांभाळायला’ ठेवली. ती राहिलीच. ठाण्यात नौपाड्याच्या दोन खोल्यांत शोकेसच्या वर, दोन टोकांना दोन, मध्ये पितळी मोर. पुढे पाचपाखाडीला फ्लॅट घेतला तेव्हा शोकेस आली, स्पीकर आले, मोर कुठेतरी गेला. खर्जासाठी ८ इंची वूफर, वर उंच सुरांसाठी कागदी कोनाचा छोटा ट्वीटर, लाकडासारखं दिसणारं व्हिनाइल चढवलेली पेटी. दिसायला काही थोर नाही.

माझ्या आठवणीत डावा स्पीकर कायम दबका. तबला उजवीकडे असला की छान, डावीकडे गेला की डग्ग्याचा जीव गेलेला. बाबांचं म्हणणं, रेकॉर्डिंगच तसं असतं. मीही वीस-पंचवीस वर्षं तेच धरून चालले. खरं कारण जाळी काढल्यावर कळलं. १९९६ च्या सुमारास डाव्या वूफरची कड फाटली होती, बाबांनी तो एका दुकानात नेला आणि त्या माणसाने फोमच्या जागी कडक कापडाची, चुण्या घातलेली रिंग चिकटवून दिली. दुकानाचं नाव लिहीत नाही, माणूस आता असेल-नसेल. कोन सरळ बसवला होता, खरखर नव्हती, म्हणजे हाताचं काम वाईट नव्हतं. फक्त त्याने दुसऱ्याच जातीचा स्पीकर करून दिला.

हे नीट समजायला थोडं मागे जावं लागतं. एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला अकौस्टिक रिसर्च ही कंपनी काढली ती एका उफराट्या कल्पनेवर. तोपर्यंत खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी लागायची आणि कोन जागेवर आणायचं काम त्याच्या कडेचा नि स्पायडरचा (कोनाला मागून धरणाऱ्या चुणीदार चकतीचा) ताठपणा करायचा. व्हिल्चरने कड मुद्दाम ढिली ठेवली, पेटी हवाबंद केली आणि आतल्या हवेलाच स्प्रिंग केलं. कोन आत गेला की हवा दाबली जाते आणि त्याला परत ढकलते. बाहेर आला की ओढून घेते. ही हवेची उशी कापडापेक्षा जास्त इमानदार असते, म्हणून लहान पेटीतून खोल आणि स्वच्छ खर्ज निघतो. आता यात कड ताठ केली तर वूफरचा स्वतःचा गुंजनबिंदू, म्हणजे तो आपोआप घुमतो तो सूर, वर सरकतो आणि खालचा सप्तक गायब होतो. आमच्या डाव्याचं नेमकं हेच झालं होतं.

उजव्याचा मूळ फोम गेल्या वर्षी मार्चमध्ये सुटला. बोट लावलं तर भुगा, आणि भुग्याखाली वितळलेल्या गुळासारखा चिकटा. पॉलियुरेथेनचा हा फोम हवेतल्या ओलाव्यानेच हळूहळू तुटत जातो. वाजवा, न वाजवा, त्याचं वय होतंच. एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला येऊर असलेल्या गावात तो चाळीस वर्षं टिकला हेच नवल.

मी दातांची डॉक्टर आहे. हे सांगायचं कारण म्हणजे पुढचं सगळं काम क्लिनिकच्या हत्यारांनी, पेशंट गेल्यावर झालेलं आहे. उजव्याचा चिकटा एका संध्याकाळी निघाला. डाव्याची कापडी रिंग मात्र रबराच्या गोंदाने बसवलेली, तिला तीन संध्याकाळी लागल्या. कापसाच्या बोळ्याने थिनर लावायचा, पाच मिनिटं थांबायचं, मेणाच्या चपट्या पात्याने दोन-दोन मिलिमीटर उचलायचं. घाई केली तर कागदाचा पापुद्रा सुटतो. एके ठिकाणी सुटलाच, तिथे टिश्यू पेपर आणि पांढरा गोंद लावून ठिगळ दिलं.

पहिली चूक रिंगा मागवताना. ‘८ इंची’ लिहिलेल्या सगळ्या रिंगा सारख्या नसतात. कोनाचा व्यास, फोमच्या उभार वळणाचा बाहेरचा व्यास आणि पत्र्याच्या चौकटीचा आतला व्यास अशी तीन मापं जुळावी लागतात. मी फक्त तिसरं पाहिलं. पहिली जोडी कोनावर चढली पण वळण चौकटीला घासत होतं. दुसरी जोडी बरोबर आली. रबराच्या रिंगा जास्त टिकतात म्हणून मोह झाला होता, पण त्या जड आणि बहुतेक वेळा ताठ असतात. परत कापडी रिंगेचीच गोष्ट झाली असती.

कोन मधोमध बसवणं हा खरा जीव खाणारा भाग. व्हॉइस कॉइल (कोनाला मागून जोडलेली तारेची गुंडाळी) आणि मधला लोखंडी खांब यांच्यातली फट केसाएवढी. कोन जरा तिरका चिकटला की कॉइल घासते. लॅमिंग्टन रोडला स्पीकर भरणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांना मी विचारलं होतं की फटीत काय घालता. त्यांनी ड्रॉवरमधून एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या काढल्या. “डॉक्टर हो ना, तुम्हारे पास तो ढेर होगा.” होताच. जुन्या ओपीजी (पूर्ण जबड्याच्या एक्स-रे) फिल्मच्या पट्ट्या, जाडी साधारण ०.१८ मिलिमीटर, चार बाजूंनी चार. त्यासाठी कोनाच्या मधली टोपी कापून काढावी लागते, म्हणून हे फक्त डाव्याला केलं. उजव्याला टोपी न काढता ३० हर्ट्झचा सूर अगदी हळू लावला, गोंद ओला असताना कोन इकडे-तिकडे सरकवत खरखर थांबते ती जागा पकडली आणि सूर चालू ठेवूनच गोंद धरू दिला. दोन्ही पद्धती जमल्या. मला पट्ट्यांची जास्त आवडली, कारण त्यात कानावर विसंबावं लागत नाही.

परत बसवताना वूफर अर्धा फिरवून घातले. चाळीस वर्षं एकाच बाजूला उभे राहिले की स्पायडर खाली झुकतो. फिरवल्यावर तो उलट्या बाजूला ओढला जातो.

मग पेटीचं. वूफरच्या चौकटीखालचा जुना लांबी-पुट्टीसारखा थर दगड झालेला. तो खरवडून तिथे मी दातांची मापं घ्यायचं पातळ सिलिकॉन फिरवलं, पेटीच्या बाजूला जरासं व्हॅसलिन लावून. पाच मिनिटांत त्याचं रबर होतं, चौकटीची हुबेहूब गॅस्केट, आणि पुढे उघडायची वेळ आली तर स्वच्छ सुटते. तपासायची रीत सोपी आहे. कोन बोटांनी हळूच आत दाबून सोडायचा. तो आळसावल्यासारखा परत आला तर पेटी बंद. झटकन उसळला तर हवा गळतेय. उजवा उसळत होता. मागच्या टर्मिनलच्या भोकातून गळती निघाली.

सगळं झालं, शनिवारी रात्री जोडलं, आणि खर्ज पहिल्यापेक्षा कमी! गायिकेचा आवाज मध्ये उभा राहायच्या ऐवजी खोलीभर सांडलेला. मला रडू यायचं बाकी होतं. रविवारी सकाळी दीड व्होल्टचा सेल लावून पाहिला. उजवा कोन बाहेर येतो, डावा आत जातो. डाव्याच्या आतल्या दोन्ही वायरी कुणीतरी कधीतरी एकाच काळ्या रंगाच्या घातल्या होत्या आणि मी त्या उलट जोडल्या. दोन्ही कोन एकमेकांच्या विरुद्ध हलत होते, एकाचा खर्ज दुसरा खात होता. वायरी बदलल्या आणि झाकिर हुसेनचा डग्गा पहिल्यांदा आमच्या हॉलमध्ये आला. नुसती थाप नाही, मनगट पुढे सरकतानाचा घुमारासुद्धा, वर चढून परत खाली उतरणारा. बाबा आतल्या खोलीतून उठून आले, डाव्या स्पीकरपाशी वाकले आणि म्हणाले, “म्हणजे रेकॉर्डिंग बरोबर होतं तर.”

कपॅसिटरबद्दल लोक फार बोलतात म्हणून लिहिते. ट्वीटरच्या वाटेतले, खालचे सूर अडवणारे जुने इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर मीटरवर मोजले. एक लिहिलेल्या आकड्यापेक्षा १२ टक्के जास्त, दुसरा ३१ टक्के. म्हणजे दोन ट्वीटर दोन वेगळ्या ठिकाणी सुरू होत होते आणि एकाच्या अंगावर त्याच्या ताकदीबाहेरचं खालचं काम पडत होतं. बदलणं भागच होतं. साधे पॉलिप्रॉपिलीनचे फिल्म कपॅसिटर घातले आणि आठवड्यात पस्तावले. स, श, च ऐकताना दाताला गार पाणी लागल्यासारखी कळ यायची. जुन्या कपॅसिटरला स्वतःचा थोडा रोध असतो, पेटी बनवणाऱ्याने तो हिशेबात धरलेला असतो. फिल्ममध्ये तो जवळजवळ नसतोच. अर्ध्या ओहमचा रेझिस्टर ओळीत जोडला, कळ गेली. आठ रुपयांचा रेझिस्टर. नंतर एका ओळखीच्यांनी आग्रहाने त्यांचे महागडे परदेशी कपॅसिटर लावायला दिले. दोन रविवार डोळे मिटून ऐकलं, परत दिले.

ॲम्प्लिफायर मुलाने आणलेला, टीपीए३११६ चिपचा, तळहाताएवढा, १९ व्होल्टच्या लॅपटॉप ॲडॉप्टरवर चालणारा. ८ ओहमला जेमतेम २० वॅट मिळतात. नवरा वर्षभर मोठा ॲम्प घेऊ म्हणतोय. वॅट दुप्पट केले तरी वाढतात ३ डेसिबल, हे मी त्याला वर्षभर सांगतेय. अर्थात एक तक्रार त्याची खरी आहे. हे स्पीकर भुकेले आहेत, थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज देत नाहीत. वाढदिवसाला मुलाच्या मित्रांनी आवाज पूर्ण फिरवला तेव्हा ॲम्प चिरकायला लागला. दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर छातीत धडधडतं तसलं काही हवं असेल तर या वाटेला जाऊ नये.

खरा दुसरा जन्म झाला तो शोकेसवरून खाली उतरवल्यावर. आमचा हॉल १६ बाय १०, खाली टाइल्स, वर स्लॅब. १० फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच गुंजते, आणि भिंतीच्या कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर त्या गुंजण्याला खतपाणी घालतो. आता स्पीकर क्लिनिकच्या दोन जुन्या स्टुलांवर आहेत, ट्वीटर सोफ्यावर बसलेल्याच्या कानाशी, मागची भिंत सव्वा फूट लांब. समोर सतरंजी, सोफ्यामागे बाबांच्या दिवाळी अंकांचं उघडं कपाट. त्या कमी-जास्त जाडीच्या अंकांनी आवाज छान विखुरतो, रद्दीवाल्यापासून ते वाचले. किशोरीताईंचा तानपुरा आता गाण्याच्या मागे वेगळा उभा राहतो. गणपतीत मखरासाठी जागा हवी म्हणून दहा दिवस स्पीकर परत कोपऱ्यात ढकलले होते, तर प्रत्येक भजनाला पखवाज पिंपात वाजवल्यासारखा.

पावसाळ्याची धास्ती होती. जुलैत उजव्या पेटीचा खालचा कोपरा फुगला. पार्टिकल बोर्ड एकदा पाणी प्याला की मागे येत नाही. गोंद भरून शिकंज्यात दाबला, व्रण राहिला. जाळीच्या कापडावर बुरशी आली, ते फेकलं. आधी घरातली टू बाय टू रुबिया ताणून पाहिली, पण तोंडाशी धरून फुंकर मारली तर आरपार जाईना, म्हणजे आवाजही अडणार. शेवटी जांभळी नाक्यावरून काळी नेट आणली, मीटरला ७० रुपये. फोम मात्र ठणठणीत. दर महिन्याला टॉर्च मारून बघते, कडेला पांढरट छटा नाही की भेग नाही. हाही फोम कधीतरी जाणारच, म्हणून एक जादा जोडी मागवावी का असा विचार होता. पण पिशवीतही त्याचं वय होतच राहणार, तेव्हा नाही मागवली. मापं मात्र पेटीच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवलीत, तिन्ही.

डावा ट्वीटर उजव्यापेक्षा अजून किंचित मंद आहे. टाळ-झांजेच्या वेळी कळतं, एरवी नाही. उघडायचा मोह होतो, पण त्याची कॉइल केसासारखी बारीक आणि हा ट्वीटर इथे मिळत नाही. सोफ्यावर मी अर्धा फूट डावीकडे सरकून बसते.