यकृतातील पित्तनलिकेचा कर्करोग: शस्त्रक्रिया की केमोथेरपी?

यकृताच्या आत असलेल्या पित्तनलिकांचा कर्करोग समूळ जाण्याची खरी आशा शस्त्रक्रियेतच आहे. म्हणून 'या वयात ऑपरेशन नको, औषधांवरच भागवू' असे घरात ठरण्याआधी गाठ काढता येईल की नाही, याचे उत्तर यकृताच्या शस्त्रक्रिया नित्य करणाऱ्या शल्यविशारदाकडून घ्यावे. गाठ मोठी आहे एवढ्यावरून ती काढता येत नाही असे ठरत नाही. मागे उरणारे यकृत पुरेसे आहे का, हा मुख्य प्रश्न असतो: निरोगी यकृताचा २० ते २५ टक्के भागही पुरतो, सिरॉसिस (यकृत घट्ट व जखमांच्या व्रणांनी भरलेले) असेल तर सुमारे ४० टक्के लागतो. तो कमी पडत असल्यास गाठीच्या बाजूची पोर्टल (आतड्यांकडून यकृताला रक्त आणणारी) रक्तवाहिनी बंद करून दुसरी बाजू काही आठवड्यांत वाढवता येते. हे कळण्यासाठी गोव्याहून मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयापर्यंतचा प्रवास मला योग्य वाटतो.

शस्त्रक्रियेनंतरही निम्म्याहून अधिक रुग्णांत रोग परततो, हे मात्र लपवू नये. त्यासाठीच पुढे साधारण सहा महिने कॅपेसिटाबिन या केमोथेरपीच्या गोळ्या दिल्या जातात.

गाठ काढता येत नसेल तर जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन ही केमोथेरपीच्या औषधांची जोडी प्रमाण मानली जाते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पित्तमार्गाच्या प्रगत कर्करोगात तिने आयुर्मानाचा मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगतात तो काळ) एकट्या जेमसिटाबिनच्या ८.१ महिन्यांवरून ११.७ महिन्यांवर नेला. ही वाढ कुटुंबाने डोळे उघडे ठेवून समजून घ्यावी. दर तीन आठवड्यांत दोनदा सलाइनमधून औषध घ्यावे लागत असल्यामुळे पेडणे किंवा काणकोणच्या रुग्णाने त्यासाठी मुंबईला खेपा घालण्यापेक्षा बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) गाठणे कितीतरी सोयीचे. जोडीला दुर्वालुमॅब हे प्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध दिल्यास लाभ थोडा वाढतो, पण खर्च फार वाढतो. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेच्या कार्डात तो बसतो का, हे सुरुवातीलाच विचारावे.

बायोप्सीचा नमुना पुरेसा घेऊन एफजीएफआर२ आणि आयडीएच१ या जनुकांची तपासणी पहिल्याच टप्प्यात करण्याचा आग्रह धरावा. त्यांत विशिष्ट बदल आढळल्यास केमोथेरपी निकामी ठरल्यावर अनुक्रमे पेमिगाटिनिब व आयव्होसिडेनिब या गोळ्यांचा मार्ग उरतो. रुग्ण खंगल्यावर दुसऱ्यांदा बायोप्सी करणे अनेकदा शक्य होत नाही.