शिंद्यांचे तोफेवरचे गोलंदाज पळतात कसे? दुसऱ्या आवृत्तीचा वापरानंतरचा अनुभव

टेबलावर छोटे शिपाई मांडून खेळायच्या आपल्या युद्धखेळाची दुसरी आवृत्ती दिवाळीच्या आधी मागवली, आता बाजारात आंबे आलेत. मधल्या काळात ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या आमच्या माडीवर जवळजवळ दर रविवारी टेबल लागलं, त्यामुळे पहिल्या आठवड्याच्या रागात लिहितोय असं कुणी म्हणू नये. राग अजून आहे, पण आता तो मुरलेला आहे. नियमसंच आपला नेहमीचाच, 1750 ते 1850 च्या हिंदुस्थानातल्या लढायांचा. फासे किती, बेस केवढा, पॉइंट कसे मोजायचे हे सांगत बसत नाही. ज्याला ते माहीत नाही तो हे वाचायला येणारही नाही.

आधी पेटीचं सांगतो. ती उघडली तर आत पुस्तक दुसऱ्या आवृत्तीचं आणि युनिटांचे पत्ते, म्हणजे प्रत्येक तुकडीची माहिती छापलेली कार्डं, पहिल्या आवृत्तीचे. पाकीट सीलबंद, म्हणजे वाटेत कुणी बदलले म्हणावं तर तेही नाही. वर कस्टमचा भरणा वेगळा. विक्रेत्याला मेल केला. उत्तर आलं की पीडीएफ उतरवून घ्या आणि छापून घ्या. म्हणजे ज्या पत्त्यांचे पैसे मी भरले तेच पत्ते पुन्हा नई सडकेवर रंगीत प्रिंटच्या भावाने छापायचे! मी लिहिलं, पत्ते पाठवा नाहीतर पैसे परत करा. ते म्हणाले, पत्त्यांना वेगळी किंमत नाही, पेटीबरोबर मोफत आहेत. नुसतं पुस्तक आणि पेटी यांच्या किमतीतला फरक त्यांच्याच दुकानात लिहिलेला आहे. तो दाखवल्यावर बरेच दिवस चिडीचूप, आणि मग पुढच्या खरेदीवर सूट देणारं एक कूपन. ते मी वापरलेलं नाही. वापरणारही नाही, सूट कितीही असो.

मुळात पॉइंट, म्हणजे युनिटची खेळातली किंमत, पत्त्यावर छापावेतच कशाला? वॉरहॅमर 40,000 या असल्याच दुसऱ्या एका खेळाची दहावी आवृत्ती 2023 च्या जूनमध्ये आली तेव्हा सगळ्या सैन्यांचे युनिट-पत्ते सुरुवातीला पीडीएफमध्ये फुकट दिले होते, आणि पॉइंट वेगळ्या कागदात ठेवले होते. तो कागद अधूनमधून बदलतो, पत्ता तसाच राहतो. तो खेळ मी खेळत नाही, त्या शिपायांच्या किमती ऐकूनच हात खिशात जातो. पण ही सोय शहाणपणाची आहे. आमच्या पुस्तकवाल्यांनी जाड पुठ्ठ्यावर, सोनेरी किनारीसकट, बदलणारे आकडे छापलेत.

आता खेळ. जे बरं आहे ते आधी सांगून टाकतो, कारण पुढे मला वेळ मिळणार नाही. आळीपाळीने सगळं सैन्य हलवायची जुनी पद्धत गेली आणि पत्ता निघेल त्या युनिटने हलायचं ही नवी पद्धत आली, हे उत्तम झालं. पूर्वी माझी पाळी चालू असताना भाचा खाली जाऊन चहा पिऊन यायचा. आता जागचा उठत नाही. तोफा बैलांनी ओढायच्या असल्याने एकदा मांडल्या की लढाई संपेपर्यंत जवळपास तिथेच, हेही पटतं. नजीब आणि तेलंगा आता वेगळी युनिटं आहेत. पहिल्या आवृत्तीत दोघांना एकाच 'कवायती पायदळ' या ओळीत कोंबलं होतं. नजीब एक बार झाडून तलवार उपसतो, तेलंगा ओळीत उभा राहून गोळीबार करत राहतो, आणि टेबलावर हा फरक खरंच जाणवतो. अलीगोल या हल्ल्याच्या पायदळालाही स्वतःचा पत्ता मिळाला. यादी करणाऱ्याने शिंद्यांचं कवायती सैन्य उभारणाऱ्या डी बॉयनच्या कंपूंबद्दल, म्हणजे ब्रिगेडींबद्दल, काहीतरी वाचलेलं आहे, एवढं नक्की.

आणि म्हणूनच तोफखान्याचं पान वाचून डोकं फिरलं. नवा नियम असा: शत्रूचं पायदळ किंवा घोडदळ तोफेला भिडलं की तोफखाना टेबलावरून उचलायचा. सगळ्या सैन्यांना सारखंच. फासा नाही, धीराची परीक्षा नाही, काही नाही. पहिल्या आवृत्तीत शिंद्यांच्या गोलंदाजांसाठी फासा टाकायचा आणि तो साधला की ते जागेवर राहून लढायचे. ते सरळ काढून टाकलं, कारण काय, तर 'खेळ सुटसुटीत व्हावा'.

हा नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढे वॉटर्लू आहे. तिथे फ्रेंच घोडदळ आलं की इंग्रज गोलंदाज तोफा सोडून पायदळाच्या चौकोनात शिरायचे आणि घोडदळ मागे फिरलं की परत तोफेवर यायचे. तसा हुकूमच होता, आणि तो देणारा वेलिंग्टन. तोच माणूस 12 वर्षं आधी, 23 सप्टेंबर 1803 ला, असईला वेल्स्ली म्हणून उभा होता. तिथे शिंद्यांच्या चाकरीतल्या पोलमन या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखालच्या पलटणींच्या तोफा त्याच्या पायदळाने घेतल्या आणि ते पुढे गेलं. मेले समजून मागे सोडलेले गोलंदाज उठले, तोफा फिरवल्या आणि पुढे गेलेल्यांच्या पाठीवर मारा सुरू केला. वेल्स्लीला स्वतः मागे वळून त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या, त्यात त्याचा घोडा भाल्याने पडला. त्या दिवशी इंग्रजांकडे मेलेले-जखमी मिळून 1,500 च्या वर माणसं गेली. आता माझ्या पुस्तकात याच गोलंदाजांना भिडताक्षणी डबीत टाकायचं!

असई एकटी असती तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. 1 नोव्हेंबर 1803 ला लासवाडीला इंग्रज सेनापती लेकने शिंद्यांच्या 70 हून जास्त तोफा घेतल्या, पण संगीन अंगात जाईपर्यंत गोलंदाज तोफेपासून हलले नाहीत हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. यांच्यावर फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची खात्री नव्हती, अशीही कबुली त्याने दिली. आणि 29 डिसेंबर 1843 चं महाराजपूर तर इथून फार लांब नाही. तिथे इंग्रज सेनापती गफच्या सैन्याची जी सातशे-आठशे माणसं पडली त्यात ग्वाल्हेरच्या तोफांचा वाटा मोठा होता. त्याच दिवशी दुसरी लढाई पनिहारला झाली. नंतर इंग्रजांनी आपल्या शिपायांना दिलेली चांदणीच्या आकाराची पदकं याच जिंकलेल्या तोफांचा धातू ओतून केलेली होती. ज्या सैन्याच्या तोफांची पदकं पाडली जातात त्याच्या गोलंदाजांना फासासुद्धा नाही?

भाचा इंग्रजांकडून खेळतो. नियम वाचल्यावर त्याचा चेहरा उजळला होता. "मामा, आता फक्त चालत यायचं आणि तुझ्या तोफा उचलायच्या." आणि तो तसंच करायचा. नोव्हेंबर ते संक्रांत मी जवळजवळ सगळ्या लढाया हरलो, तेही एकाच पद्धतीने. इतका कंटाळवाणा पराभव मी कुठल्याच खेळात पाहिलेला नाही.

इथपर्यंतचं मी तेव्हाच लिहून ठेवलं होतं आणि शेवटी 'विकत घेऊ नका' असं ठोकून दिलं होतं. ती ओळ आता काढलीय, कारण मधे दुरुस्तीपत्रक आलं. त्यात 'चिवट गोलंदाज' असा एक ऐच्छिक नियम आहे. शत्रू भिडला तर 4 किंवा वर पडल्यावर गोलंदाज जागेवर राहतात. उचलले गेले तरी तोफ टेबलावरच राहते. शत्रूने एक पत्ता खर्चून ती निकामी केली नाही, तर पुढच्या फेरीत 6 पडल्यावर गोलंदाज पुन्हा उभे, आणि तोफेचं तोंड फिरलेलं. हे असईच आहे, दुसरं काही नाही.

खेळायला लागलो तर कळलं की जुन्या नियमापेक्षा हा चांगला आहे. जुन्यात गोलंदाज इतके भक्कम होते की भाचा समोरून यायचाच नाही. दोघं दूर बसून तोफा डागत राहायचो. आता त्याला प्रत्येक तोफेपाशी ठरवावं लागतं की पलटण पुढे न्यायची की एक पत्ता खर्चून इथेच तोफ निकामी करायची. आधी तो खर्च टाळायचा. एका रविवारी त्याच्या हायलँडर पलटणीच्या पाठीवर दोन बॅटऱ्या, म्हणजे तोफांचे गट, उलटल्या. "मामा, तुझे गोलंदाज मेले तरी मरत नाहीत," म्हणाला, आणि तेव्हापासून पत्ते खर्चतो. त्याचं आक्रमण त्यामुळे हळू झालंय आणि माझ्या नजीबांना काहीतरी काम मिळालंय.

पण फुकट काही नाही. हा नियम लावायचा तर बॅटरीमागे 3 पॉइंट जास्त. मी चार बॅटऱ्या घेतो, म्हणजे 12 पॉइंट, आणि 12 पॉइंटांत एक अख्खी तेलंगा पलटण येते. वर ऐच्छिक, म्हणजे समोरच्याने मान्य केलं तरच. इतिहासात घडून गेलेल्या गोष्टीला भाच्याची परवानगी लागते! हा नियम मुख्य पुस्तकात, शिंद्यांच्या यादीत, बॅटरीच्या मूळ किमतीतच धरलेला हवा होता.

बाकीच्या तक्रारी छोट्या आहेत. पायदळाचा बेस, म्हणजे शिपाई चिकटवायची पट्टी, रुंद केला. रंगवलेले शिपाई खरवडून नव्या बेसवर चिकटवायला मी काही वेडा नाही. दौलतगंजात नेमप्लेट कापून देणाऱ्याकडून एमडीएफच्या खाचा पाडलेल्या ट्रे करून घेतल्या, जुने बेस त्यात बरोबर बसतात. एका पेटीच्या कस्टमपेक्षा स्वस्तात काम झालं. ज्यांच्याकडे जुनं सैन्य आहे त्यांनी हेच करावं.

पेंढाऱ्यांचं मात्र खरंच वाईट वाटतं. पहिल्या आवृत्तीत कितीही घेता यायचे, म्हणून मी थ्रीडी प्रिंटरवर भरपूर छापले. रेझिन इथल्या थंडीत घट्ट होतं, जानेवारीत प्रिंट अर्ध्यावर फसायच्या, तरी हीटरशेजारी बसून काढले. दुसऱ्या आवृत्तीत यादीला जास्तीत जास्त दोन युनिटं. पेंढारी समोरासमोरच्या लढाईत फार उपयोगाचे नव्हते हे मान्य, मर्यादा घालणं बरोबर आहे. पण बाकीच्यांचं काय करू? काहींना झेंडे बदलून मराठी शिलेदार केलं. घोडा तोच, भाला तोच, कोण बघतंय.

घ्यायचं असेल तर पीडीएफ घ्या, पेटी नको. पत्ते स्वतः छापा, पण पॉइंटची जागा कोरी सोडून पेन्सिलीने लिहा, कारण पुढचं दुरुस्तीपत्रक येणारच. शिंदे किंवा होळकर खेळणार असाल तर पहिल्या डावाआधीच समोरच्याकडून चिवट गोलंदाज मान्य करून घ्या. नंतर तो करणार नाही.

आमच्याकडे किमतीवरून अजून घासाघीस चालू आहे. भाच्याचं म्हणणं, 3 पॉइंट अगदी बरोबर, मागे फिरून गोळी खाणारा तो आहे. मी 2 वर अडलोय. सध्या अडीच ठरलेत, त्यामुळे बॅटऱ्या जोडीनेच घ्याव्या लागतात.