पित्ताशय काढायचंय: चार छेद की बेंबीतला एकच?

पित्ताशयातले खडे वारंवार दुखू लागले की डॉक्टर दुर्बिणीचं ऑपरेशन सुचवतात. 1985 मध्ये जर्मनीत एरिक म्यूहे यांनी ते पहिल्यांदा केलं. आज नेहमीच्या पद्धतीत पोटात कार्बन डायऑक्साइड भरून चार छेद घेतात, बहुधा दोन 10 मिलिमीटरचे आणि दोन 5 मिलिमीटरचे. दुसऱ्या पद्धतीत बेंबीतच दोन-अडीच सेंटिमीटरचा एकच छेद. व्रण बेंबीच्या घडीत लपतो, हे खरंच.

पण आत काय चालतं ते बघा. चार छेदांतून हत्यारं वेगवेगळ्या बाजूंनी येतात. एक हत्यार पित्ताशय वर उचलून धरतं, दुसरं बाजूला ताण देतं, आणि मग पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी सुट्या, स्वच्छ दिसतात. ती बंद करणाऱ्या क्लिप लावण्याआधी हे दिसायलाच हवं. चुकून यकृतातून आतड्यात पित्त नेणारी मुख्य पित्तनलिका कापली गेली तर पेशंटचे फार हाल होतात. एकाच छेदात दुर्बीण आणि हत्यारं एकमेकांना अडतात. वेळ जास्त लागतो, पुढे बेंबीपाशी हर्नियाचा धोकाही वाढतो.

सूज किंवा लठ्ठपणा असेल तर मी चार छेदच म्हणेन. अंगकाठी सडपातळ, सूज नाही आणि सर्जनचा हात या पद्धतीत बसलेला असेल, तरच एका छेदाचा विचार करा.