आरएक्स-७ की आरएक्स-८: टर्बोची ताकद वाढवल्यावर मूळ इंजिन आणि गिअरबॉक्स कितपत टिकतात?

माझदाच्या रोटरी गाड्या, म्हणजे इंजिनात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणाऱ्या गाड्या, भारतात अधिकृतपणे कधीच विकल्या गेल्या नाहीत. वापरलेली गाडी आयात करायची तर ती ३ वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि मुंबई बंदरातूनच उतरावी, अशा अटी असल्यामुळे २००२ साली थांबलेली आरएक्स-७ किंवा २०१२ साली थांबलेली आरएक्स-८ आता नव्याने येण्याची शक्यता नाही. त्यामुळे मुंबईकराला निवड करायची ती इथे आधीच नोंदलेल्या, हातोहात फिरणाऱ्या मोजक्या गाड्यांतूनच. अशी गाडी घेऊन तिची ताकद वाढवण्याचा विचार असणाऱ्यांसाठी ही तुलना आहे. इंजिन न उघडता, म्हणजे आतले सुटे भाग कंपनीचेच ठेवून, कोणती गाडी अधिक सोसेल, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

दोन्ही इंजिने १३बी या एकाच घराण्यातली आहेत. दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी. मात्र शेवटच्या पिढीच्या आरएक्स-७ मधले, म्हणजे एफडी गाडीतले १३बी-आरईडब्ल्यू हे मुळातच दोन टर्बोंसाठी बांधलेले इंजिन आहे, तर आरएक्स-८ मधले रेनेसिस टर्बोविना चालण्यासाठी घडवलेले आहे. एफडीचे कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, ९.० आहे आणि धूर बाहेर जाण्याचा मार्ग रोटरच्या परिघावर असल्याने गरम वायू थेट टर्बोकडे निघतो. रेनेसिसचे कॉम्प्रेशन १०.० असून हा मार्ग कडेच्या लोखंडी प्लेटांमध्ये आहे. वायूला त्या प्लेटांतून वळण घेऊन बाहेर पडावे लागते आणि मधल्या प्लेटमध्ये तर दोन्ही रोटरांचा धूर एकाच सामाईक वाटेने जातो. बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबून भरलेली हवा, दिल्यावर वाढणारी उष्णता नेमकी तिथेच कोंडते. टर्बोशिवायही या इंजिनाच्या तक्रारी इतक्या आल्या की माझदाने अमेरिकेत त्याच्या मुख्य भागाची वॉरंटी वाढवून ८ वर्षे किंवा १ लाख मैल केली. ज्या इंजिनाला स्वतःचाच भार जड जातो त्याच्यावर टर्बो लादू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा अर्थ एफडी निर्धास्त आहे असा मुळीच नाही. रोटरीत बहुतेक वेळा पहिला बळी जातो तो रोटरच्या टोकावरील अपेक्स सीलचा, म्हणजे दाब अडवणाऱ्या पट्टीचा. या इंजिनात त्याची जाडी अवघी २ मिमी आहे. बूस्टमध्ये असताना मिश्रणात पेट्रोल कमी पडले आणि जोराचे नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) झाले, की एका क्षणात सील तुटतो, आणि त्याचा तुकडा धुराबरोबर बाहेर पडताना टर्बोची पातीही घेऊन जातो. एफडीच्या बाबतीत हा अपघात अनेकदा अगदी साध्या बदलातून घडतो: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून मोकळा सायलेन्सर बसवला जातो, टर्बोचा छोटा वेस्टगेट (जादा वायू टर्बोला वळसा देऊन सोडणारी झडप) वाढलेला प्रवाह आवरू शकत नाही, सुमारे १० पीएसआयवर थांबायला हवा असलेला बूस्ट पुढे सरकतो आणि मूळ ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) त्याला पुरेल इतके पेट्रोल देत नाही. म्हणून ज्याला एफडीची ताकद वाढवायची आहे, त्याने आधी रेडिएटर, मग ईसीयू आणि पेट्रोलचा पुरवठा, आणि सर्वांत शेवटी सायलेन्सर व बूस्ट, हाच क्रम पाळावा.

मुंबईत हा क्रम अधिकच महत्त्वाचा ठरतो. मे महिन्याच्या दमट उकाड्यात सायनपासून घाटकोपरपर्यंत गाडी रांगत जाते तेव्हा रेडिएटरला वारा मिळत नाही, टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर स्वतःच तापतो आणि बॉनेटखालचे व्हॅक्यूमचे असंख्य रबरी पाइप कडक होऊन तडकू लागतात. कूलंटमधली हवा वेगळी करणारी एफडीची मूळ प्लॅस्टिकची टाकीही जुनी झाली की फुटते. त्यातच तापमानाच्या मूळ मीटरचा काटा तापमान बरेच वाढेपर्यंत मध्यावरच बसून राहतो, म्हणून स्वतंत्र मीटर हा पहिला खर्च समजावा. पेट्रोलचा मुद्दा याहून गंभीर आहे. जपानमध्ये ही गाडी १०० ऑक्टेनच्या, म्हणजे नॉकिंग अधिक रोखणाऱ्या पेट्रोलवर चालावी अशी अपेक्षा होती. तसे पेट्रोल मुंबईत मिळते, पण मोजक्याच पंपांवर. आता सर्वत्र मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे ऑक्टेन वाढतो हे खरे, परंतु त्याच हवेला शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण ८ टक्के जास्त इंधन लागते, आणि बूस्टमध्ये असताना नव्वदच्या दशकातल्या ईसीयूला ही गोष्ट कळत नाही. ईसीयूचे ट्यूनिंग इथल्याच पेट्रोलवर करून घेतल्याशिवाय बूस्टला हात लावू नये.

गिअरबॉक्सचे गणित तुलनेने सोपे आहे, कारण गिअर मोडतात ते टॉर्कमुळे, म्हणजे फिरवणाऱ्या जोरामुळे. जपानी आरएक्स-८ चा टॉर्क २१६ एनएम आणि एफडीचा, मॉडेलनुसार, २९४ ते ३१४ एनएम आहे. आरएक्स-८ ला टर्बो लावून एफडीइतका टॉर्क काढला, तर तिच्या ६ गिअरच्या बॉक्सवर मूळ भाराच्या जवळजवळ दीडपट भार येतो, तर एफडीच्या ५ गिअरच्या बॉक्ससाठी तो नेहमीचाच भार असतो. एफडीत झिजतो तो मुख्यतः पाचव्या गिअरचा सिंक्रो, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणारी कडी. त्यामुळे माफक बदलांत एफडीचे इंजिन गिअरबॉक्सच्या आधी जाते, आरएक्स-८ मध्ये मात्र दोन्हींची काळजी एकाच वेळी करावी लागते. ऑटोमॅटिक गाडी या कामासाठी घेऊच नये.

आधीच्या पिढीची एफसी, म्हणजे १९८५ नंतरची आरएक्स-७, एकाच टर्बोची आणि पाइपांचा गुंता कमी असलेली असल्याने मिळाली तर उत्तम. पण तिच्या टर्बोविना आवृत्तीचा गिअरबॉक्स व डिफरन्शियल हलके असतात. त्या गाडीत फक्त टर्बोचे इंजिन टाकून भागत नाही.

ताकद कुठल्याही गाडीची वाढवली, तरी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लागू होते. नोंदणीतल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल आरटीओ मान्य करत नाही, हे खर्च करण्याआधी विचारात घ्यावे.

गाडी पाहायला जाताना रोटरीचा वेगळा कॉम्प्रेशन टेस्टर असलेलाच मेकॅनिक सोबत न्यावा, कारण साधा टेस्टर रोटरच्या तिन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे दाखवत नाही. आरएक्स-८ साठी २५० आरपीएमला ६८० केपीए ही कंपनीची किमान मर्यादा आहे, आणि टर्बोचा विचार असेल तर त्या मर्यादेच्या जवळची गाडी नाकारावी. एफडी पाचव्या गिअरमध्ये टाकताना खरखर होते का, हे गरम झालेल्या तेलावर तपासावे. क्लच फार कडक घेऊ नये, कारण गरजेपुरताच मजबूत क्लच जास्त भार आल्यावर आधी घसरतो आणि गिअरबॉक्स वाचवतो. आरएक्स-८ मध्ये तर कडक क्लचमुळे पेडलच्या आधीच नाजूक असलेल्या ब्रॅकेटला तडा जाण्याची शक्यता वाढते.