फाइलच्या पोटातली फाइल: मेक, स्फिंक्स की दर वेळी कोरा बिल्ड?

सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेतली चार पानं इन्स्टॉलेशनचा एकच तुकडा जोडून घेतात, आणि त्या तुकड्याच्या पोटात आवृत्ती क्रमांकाची दोन ओळींची फाइल. क्रमांक बदलला, पण पानांना कोणी हात लावलेला नाही. चारही शिळी झाली हे बिल्डला, म्हणजे मूळ फाइलींतून पानं बनवणाऱ्या प्रक्रियेला, कसं कळणार?

मेक या बिल्ड चालवणाऱ्या साधनाला आपणहून कळत नाही. 1976 पासून त्याचा हिशेब एकच: मेकफाइलमध्ये (त्याच्या नियमांच्या फाइलमध्ये) त्या पानासमोर नाव असलेली फाइल पानापेक्षा नवी असेल, तर पान पुन्हा बनवायचं. हाताने लिहिलेल्या यादीत दुसऱ्या पातळीची फाइल हमखास सुटते. माझी सुटली होती, आणि जुना क्रमांक तीन आठवडे सुखाने छापला जात होता. ही यादी डॉक्युटिल्सकडून, म्हणजे साध्या मजकुरातून पानं बनवणाऱ्या साधनाकडून, काढून घेता येते; पान बनवताना जोडलेल्या फाइलींची नावं तो आतल्या पातळ्यांसकट नोंदवतो. पण ओळीला एक नाव अशी ती यादी असते, मेकच्या वळणात आणायला छोटी स्क्रिप्ट लागते. शिवाय उद्या तुकडा डिलीट केला की यादीतलं जुनं नाव पाहून मेक अडून बसतो. सी कंपायलर अशा प्रत्येक नावाला रिकामा नियम जोडून देऊ शकतात, म्हणजे फाइल नसली तरी मेक अडत नाही; तुमच्या स्क्रिप्टनेही तेच करावं.

स्फिंक्स या माहितीपुस्तिका बनवणाऱ्या साधनात ही खटपट नाही. जोडलेल्या फाइली तो स्वतः लक्षात ठेवतो आणि कोणतीही बदलली की तेवढीच पानं पुन्हा वाचतो. दोन जागी मात्र फसगत होते. तुमच्या स्वतःच्या डिरेक्टिव्हने (मजकुरात लिहायच्या खास आज्ञेने) परस्पर उघडलेली फाइल त्याला दिसत नाही, ती कोडमधून कळवावी लागते. आणि अनुक्रमणिकेत नवं पान घातलं, तर न बदललेल्या पानांचा साइडबार जुनाच राहतो.

अ‍ॅस्कीडॉक्टर हे अशाच कामाचं दुसरं साधन दिलेलं पान दर वेळी नव्याने बनवतो. शिळं कोणतं, हे ठरवणं तुमच्याकडे.

पूर्ण बिल्ड मिनिटभरात होत असेल तर माझं मत सरळ आहे: यातलं काहीच करू नका, दर वेळी सगळं पुसून बांधा. त्याहून मोठ्या कामात लिहिताना स्फिंक्सवर विसंबा. मेक तेव्हाच, जेव्हा आकृत्या आणि कोडमधून निघणारे तक्तेही त्याच साखळीत असतात. प्रकाशनाचा बिल्ड मात्र कोराच. सीआयवर, म्हणजे आपोआप बिल्ड चालवणाऱ्या सर्व्हरवर, ताज्या क्लोनमध्ये (गिटमधून उतरवलेल्या नव्या प्रतीत) मागचं आउटपुट नसतंच. ते कॅशमधून (मागच्या खेपेच्या साठ्यातून) आणलं तरी गिट, म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन, फाइलींच्या मूळ वेळा जपत नाही, त्यामुळे सगळंच नवं दिसतं.